लेकीच्या घरचा काळा-पांढरा सिनेमा

मला मारामारीचे सिनेमे आवडतात. आधी हे सांगायला लाज वाटायची, आता वाटत नाही. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरच्या लाइनीत संध्याकाळी बाकीच्या बायका सिरियल लावतात आणि मी पडदे ओढून गोळीबार पाहत बसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. "काल कोण मेलं वो तुमच्याकडे?" असं शेजारणीनं एकदा भिंतीपलीकडून विचारलं होतं. आमचे हे फॅक्टरीतून येतात, बूट काढता काढता टीव्हीकडे एक नजर टाकतात आणि म्हणतात, "झालं, आजही खून." मी म्हणते, तुम्ही हातपाय धुवा, तुमच्या जेवणाचा कोणी खून केलेला नाही.

पण कुठल्याही मारामारीत माझा जीव रमतो असं नाही. मला तो एक ठरावीक प्रकार लागतो. कॉमिक्सवरून काढलेला, सगळा काळा आणि पांढरा, अंधारं शहर, भिंतीवर लांबलचक सावल्या, पट्टीनं आखल्यासारखा सरळ रेषेत पडणारा पाऊस, आणि लांब कोट घातलेला एखादा थकलेला माणूस, जो स्वतःची गोष्ट स्वतःच सांगत चाललेला असतो. मधेच एखादी वस्तू तेवढी रंगीत. असे सिनेमे खरे दिसायचा प्रयत्नच करत नाहीत, आणि मला तेच बरं वाटतं. बाकीचे सिनेमे शपथेवर सांगितल्यासारखं खोटं बोलतात. हा प्रकार पहिल्याच मिनिटाला कबूल करतो की बाई, हे चित्र आहे, पटत असेल तर बस.

हे वेड मला लागलं ते बाबूजींमुळे. सिहोऱ्याजवळ आमचं गाव, चार बांध्यांची धानाची शेती. बाबूजी बाजाराला तुमसरला जायचे तेव्हा बसस्टँडजवळच्या एका टपरीतून माझ्यासाठी भाड्यानं कॉमिक्स आणायचे. हिंदी कॉमिक्स, स्वस्त कागदाची, मागच्या पानाची शाई पुढच्या पानावर उतरलेली. निवड त्यांचीच. वाचायचा त्यांना कंटाळा, चौथीनंतर त्यांनी शाळा सोडली होती, पण चित्रं माझ्याआधी ते पाहून घ्यायचे. पिशवीतून कॉमिक निघायचं तेव्हा त्याला तंबाखूचा वास असायचा, म्हणजे बसमध्ये साहेबांचं पाहून झालेलं. मग मला विचारायचे, "याच्या तोंडावर अर्धा अंधार काहून काढला वो?" मी मोठ्या शहाणपणानं सांगायची, तो वाईट माणूस आहे म्हणून. "मंग अर्धाच काहून?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही धड नाही. पण ज्या सिनेमांत सगळ्यांचीच तोंडं अर्धी अंधारात असतात ते मला आवडतात, तेव्हा तो प्रश्न कुठंतरी शिल्लक असणार.

शिवाय आम्ही मंडईची माणसं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक होतं. लहानपणी मी पाहिलेली सगळी नाटकं रंगवलेल्या पडद्यासमोरची. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. रस्त्याच्या पडद्याला एक मोठं ठिगळ होतं आणि त्या ठिगळासमोर उभा राहून नायक रडायचा, आणि आम्हीही रडायचो. जो माणूस ठिगळासमोर रडला आहे त्याला चितारलेलं शहर खोटं वाटत नाही. बाबूजी नाटकाला पहिल्या रांगेत बसायचे, सतरंजी घेऊन, आणि खलनायक आला की मोठ्यानं त्याला शिव्या घालायचे.

ते बाबूजी मागच्या काही वर्षांत बदलले. मंडईला जाणं त्यांनी सोडलं. विचारलं तर म्हणायचे, "आता नाटक कुठी राहिलं? नुसते नाच." आम्हाला ते पटलं, कारण नाच वाढले होते हे खरंच होतं आणि बाबूजी फटकळ होते हेही खरंच. त्याबद्दल मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्यांनी माझ्या घरी राहणं सोडलं.

आधी ते यायचे. तांदळाचं चुंगडं घेऊन यायचे, आठ-आठ दिवस राहायचे, ह्यांच्याबरोबर पत्ते खेळायचे. बापानं लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं मानणारे म्हातारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि बाबूजी त्यांची टिंगल करायचे. "पाणी नाई प्यायचं तं चहा प्या," म्हणायचे. आणि हाच माणूस एकाएकी म्हणू लागला, "लेकीच्या घरी बापानं मुक्कामी राहू नाई." आई गेल्यावर तर पक्कंच. काही कार्यक्रम असला की दादा त्यांना मोटरसायकलवर घेऊन यायचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, बाबूजी त्याच्याकडेच गावी राहतात. बाबूजी दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे, तिथंच जेवायचे आणि दिवस मावळायच्या आत निघायचे.

मी चिडायची. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. "हे शास्त्र कवापासून काढलं तुमी?" मी विचारायची. "म्हाताऱ्याले शास्त्र उशिराच समजते बाई," म्हणायचे आणि तोंड दुसरीकडे फिरवायचे. मी परकी झाले, असं मला वाटायचं. पन्नाशीच्या बाईला असं वाटू नये म्हणतात. पण वाटायचं, आणि खूप वाटायचं. आई असती तर ती मधे पडली असती. ती नव्हती, म्हणून ते शास्त्र आमच्या दोघांच्या मधे तसंच पडून राहिलं.

मागच्या हिवाळ्यात धान घरात आल्यावर वहिनीच्या माहेरी लग्न निघालं. सगळं घर निघालं, घराला कुलूप. बाबूजींना लग्नाची दगदग नको होती, तेव्हा नाइलाजानं ते माझ्याकडे आले. दादानं त्यांना हाताला धरून आत आणून खुर्चीवर बसवलं आणि तो गेला. मी मनात म्हटलं, बरी जिरली शास्त्राची.

पण माणूस खुर्चीवरून हलेना. संडासाला जायचं तर भिंतीला हात लावून लावून जात आणि तसेच परत येत. अंगणात चला म्हटलं तर नको. बाजूच्या स्टुलावर चहा ठेवला तर तो तिथंच निवत राहिला. मी दुसऱ्यांदा गरम करून आणला, तोही तसाच. माझं डोकं फिरलं. "लेकीच्या घरचा चहाही चालत नाही का आता?" मी म्हटलं. त्यांनी हात हवेत जरा फिरवला, मग मांडीवर परत ठेवला आणि म्हणाले, "थंडा होऊ देऊन राहिलो." मी पाय आपटत आत गेले.

रविवारी दुपारी हे भंडाऱ्याला भाजी आणायला गेले. बाबूजींशी बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. मी पडदे ओढले आणि माझा सिनेमा लावला. नाव सांगत नाही, नावाशी आपल्याला काम नाही. एक जुना मुष्टियोद्धा, नाक मोडलेला, त्याच्या भावाला गुंडांनी धरून बंदरावर ठेवलंय, आणि हा त्याला आणायला निघालाय. एवढीच गोष्ट. इंग्रजी सिनेमा, खाली अक्षरं येतात तेवढ्यावर मी समजून घेते.

थोड्या वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबूजी खुर्ची ओढत टीव्हीच्या अगदी पुढ्यात आले होते.

"हे काय व्हय?"

"सिनेमा."

"तो म्हणून काय राहिला?"

मग मी आपल्या बोलीत सांगू लागले. तो म्हणते, या शहरात पाऊस थांबत नाही. तो म्हणते, माह्या भावाले मी लहानपणी खांद्यावर घेतलं होतं, आताही घेईन. मला मजा येऊ लागली. माझा मुष्टियोद्धा सिहोऱ्याकडचा झाला. आणि बाबूजी एकदम म्हणाले, "थांब थांब. त्या गल्लीत कोणी उभा हाये." मला दिसला नव्हता. मग काडी पेटली आणि खरंच तिथं एक माणूस निघाला, अंधारात टोपीची पांढरी कड तेवढी चमकत होती. बाबूजी हसले. किती वर्षांनी मी त्यांना असं हसताना पाहिलं.

"मस्त सिनेमा हाये," ते म्हणाले. "बाकीच्या टीव्हीत नुसता धुपट दिसते, धूरच धूर. हा बरोबर दिसते. हा बनवणाऱ्याले माह्यासारखंच दिसत असन."

"म्हणजे कसं?"

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून एक गोल केला आणि डोळ्यासमोर धरला. "सारा अंधार अन् मधात येवढासा उजेड," ते म्हणाले. सहज म्हणाले. सिनेमाच्या नादात बोलून गेले, आणि मग त्यांचा हात तसाच वर राहिला.

मी सिनेमा बंद केला. खोलीत अंधार होता तो माझ्यासाठी. त्यांच्यासाठी पडदे उघडे काय आणि बंद काय. मी उठून एकही शब्द न बोलता त्यांच्या डावीकडे जाऊन उभी राहिले, हात लावता येईल इतक्या जवळ. ते समोरच पाहत होते. "बाई?" ते म्हणाले. "गेली का वो?" मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग सगळं निघालं. धानाच्या बांधीचा कडेचा धुरा, म्हणजे बांध, आधी दिसेनासा झाला, मग बाजूनं येणारी माणसं, मग उजवा डोळा जवळजवळ गेलाच. गावात काही अडत नव्हतं. शेताचे धुरे पायांना पाठ, बोडीच्या तळ्याची वाट पायांना पाठ. आणि आमच्याकडे लहानानं मोठ्याला आधी रामराम करायचा असतो, तेव्हा रस्त्यात जो येई तो आपणहून "रामराम मामाजी" म्हणे, आणि बाबूजी आवाजावरून नाव घेऊन उत्तर देत. दिसत नाही हे कोणाला कळणार? त्या दिवसांत उलट लोक म्हणत, मामाजीची याददास्त काय आहे.

"अन् माह्या घरी?"

"तुह्या घरी पायाले कोणती वाट मालूम हाये? इथं राहिलो असतो तं एका दिवसात धरल्या गेलो असतो. म्हणून ते लेकीच्या घरचं काढलं. ते कोणालेही पटते."

मला पटलं होतं. वर्षानुवर्षं पटलं होतं, आणि त्यावर मी एकटी असताना रडलेही होते. मी विचारलं, लपवायचं कशाला पण? ते म्हणाले, "दादानं शेतात जाऊ देल्लं नसतं. बाजेवर बसवून ठेवलं असतं. अन् आंधळा झाला का लोक त्याच्यासंग मोठ्यानं बोलतात बाई, जसा का तो बहिरा हाये." मला त्यांना मिठी मारावी की चार शब्द सुनवावेत ते कळेना. मी दोन्ही केलं.

नागपूरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे. उजव्या डोळ्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. डाव्यात मधला तुकडा शिल्लक आहे, त्यावर मोतीबिंदूही आलेला आहे. ऑपरेशन केलं तर मोतीबिंदू निघून तो तुकडा स्वच्छ होईल आणि टिकेल, निदान टिकायची आशा. गेलेलं परत येणार नाही. नाही केलं तर उरलेलंही जाईल, आणि फार दिवस लागणार नाहीत. शंभर टक्के खात्री देत नाही, असंही ते म्हणाले. सज्जन माणूस होता, पण त्या शेवटच्या वाक्यानं घात केला. बाबूजींनी तेवढंच धरून ठेवलं.

"हाये तेवढंही गेलं तं?" घरी आल्यावर त्यांचं हे एकच चालू झालं. दादा लग्नाहून परतून आला, त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "राहू दे ना. या वयात कायले तरास द्यायचा त्याहिले." मी दादाला नको ते बोलले. तोही बोलला. बाबूजी दोघांच्या मधे बसून मान खाली घालून ऐकत होते. शेवटी दादा एकटाच गावी गेला आणि बाबूजी माझ्याकडे राहिले, शास्त्र संपलेलंच होतं. पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांच्या तोंडाला कुलूप. मी विनवलं, रागावले, जेवण सोडीन म्हटलं. ते म्हणाले, "सोड." बापाची मुलगी आहे, जेवण काही सोडलं नाही. दिवस जात होते आणि मला भीती वाटत होती. सकाळी चहा त्यांच्या हातात देताना मी रोज पाहायची की कप शोधायला हाताला कालपेक्षा जास्त वेळ लागतो का.

एका दुपारी ते आपणहून म्हणाले, "तो सिनेमा अर्धा राहिला होता. त्याचा भाऊ भेटते का त्याले?"

मी पडदे ओढले, लावला. मुष्टियोद्धा बंदरावर पोचला. या सिनेमांचा शेवट मला माहीत असतो. तसा माणूस जिंकत नाही. तो हरणार हे त्यालाही माहीत असतं, तरी तो कॉलर वर करून पावसात चालू लागतो, आणि आपला ऊर भरून येतो. मला नेहमी वाटे, यातच त्याची सगळी शान आहे. कोणाकडे काही मागत नाही, कोणाला काही सांगत नाही. बाबूजी पुढे वाकून पाहत होते. गोळ्या लागल्या. काळ्या फरशीवर पांढरं रक्त. भाऊ सुटला, हा पडला.

"मेला?"

"मेला."

बाबूजी चिडले. मंडईतल्या पहिल्या रांगेत चिडायचे तसे. "असा एकटा कायले गेला पण? त्याचे ते दोन दोस्त होते ना आंदी, त्याहिले सांगून तं जायाचं होतं. मोठा आला शहाणा. सांगतलं असतं तं वाचला असता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. टीव्हीचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. मी हळूच म्हटलं, "तुमी सांगतलं कोणाले?"

काळ्या पडद्यावर पांढरी नावं वर सरकत गेली, संपली, आणि तरी बाबूजी तिकडेच पाहत राहिले. मी उठून पडदे उघडले नाहीत. मला वाटलं, मी फार बोलले. मग ते म्हणाले, "मले भेव वाटते, बाई." माझ्या बापानं जन्मात असं वाक्य माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. मी म्हटलं, "मलेही वाटते." मग आम्ही दोघं तसंच बसून राहिलो, हे फॅक्टरीतून येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दादाला फोन लावायला सांगितलं आणि म्हणाले, "तारीख घे."

ऑपरेशनच्या दिवशी मी होते. हिरवा गाऊन घातलेले, चाकाच्या पलंगावर निजलेले बाबूजी मला फार लहान दिसले. नंतर डोळ्यावर पट्टी आणि मला नेमका खोकला धरला. डॉक्टर म्हणाले, खोकणाऱ्या माणसानं काही दिवस जवळ जायचं नाही. तेव्हा दादा-वहिनी त्यांना घेऊन नागपुरातच एका नातेवाइकाकडे राहिले आणि मी जवाहरनगरला काढे पीत बसले. फोनवर विचारायची, दिसते का? दादा म्हणायचा, डॉक्टर तपासतील तेव्हा समजेल. बाबूजी म्हणायचे, "तू ये, मंग सांगतो."

तपासणीच्या दिवशी मी सकाळच्या बसनं निघाले. दवाखान्यात पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. लांब व्हरांड्यात बाकांची रांग, आणि तिसऱ्या बाकावर बाबूजी एकटेच, काळा चष्मा काढून हातात धरलेला. दादा औषधं आणायला गेला असावा. मला हाक मारायची होती, पण म्हटलं, आधी पाहू तरी ओळखतात का. मी तशीच चालत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

त्यांनी मान वर केली. जरा इकडे, जरा तिकडे फिरवून मला त्या मधल्या तुकड्यात धरलं. त्यांचा डोळा स्वच्छ होता. तो माझ्या चेहऱ्यावरून हळूहळू फिरला, कपाळावर, गालांवर, केसांवर. आई गेली तेव्हापासून मी केसांना रंग लावत नाही, डोकं सगळं पांढरं झालं आहे, आणि त्या धुपटात ते त्यांना कधी दिसलं नसणार. ते पाहत होते हे मला दिसत होतं. खरोखर पाहत होते.

मग ते बाकावर बाजूला सरकले आणि परक्या बाईशी बोलावं तसे अदबीनं म्हणाले, "बसा ना बाई, जागा हाये. माही पोरगी येऊन राहिली जवाहरनगरून, पर ती येतवरी बसा."

मी बसले.